आडनावबंधू आणि भावकी

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात. कुंभारगावहून किंवा डिकसळच्या काठावरून होडी घेतली की नावाडी काही न विचारता आधी तिकडेच नेतो. पुण्या-मुंबईची मंडळी हातभर लांबीच्या लेन्स सरसावून बसलेली असतात. समोर उथळ पाण्यात शे-दोनशे रोहित माना खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळत उभे असतात. त्याच वेळी होडीच्या अगदी पुढ्यात, ओंजळीत मावेल एवढी एक तपकिरी टिबुकली तरंगत असते. शेपूट असून नसल्यासारखं, पाय पार मागे, जवळजवळ बुडाशी. होडी जवळ आली की ती टुबकन बुडी मारते आणि वीस हातांवर पुन्हा वर येते. तिचा फोटो कुणी काढत नाही.

रोहिताचा सगळ्यांत जवळचा जिवंत नातलग कोण, हा प्रश्न मी अशा होडीत तीन-चारदा विचारून पाहिला आहे. एका आजोबांनी लांब पायांवरून करकोचा सांगितला. एका शाळकरी मुलीनं बोटांमधला पडदा आठवून बदक सांगितलं. तिचं उत्तर मला जास्त आवडलं, कारण ती निदान पाण्याखालचं बघत होती. बगळ्याला तर दर वेळी मतं पडतातच. टिबुकलीचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. उत्तर मात्र तेच आहे: टिबुकली आणि तिचं कूळ.

चुकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शास्त्रही इथूनच निघालं होतं. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ या आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची शास्त्रीय नावं आजही तिथपासूनच ग्राह्य धरतात. त्यानं सगळ्या पक्ष्यांचे सहा गण पाडले: शिकारी, कावळ्यासारखे, बदकासारखे, लंबटांगे, कोंबडीसारखे आणि चिमणीसारखे. कसोट्या मुख्यतः दोन, चोच आणि पाय. त्या हिशेबानं रोहित लंबटांग्यांत गेला आणि टिबुकली बदकांत. पोपट, धनेश आणि कावळा एका गणात पडले. ससाणा, घुबड आणि गिधाड शिकाऱ्यांत बसले, आणि त्यांच्याच पंगतीला, आकडेदार चोचीच्या जोरावर, बाभळीच्या काट्याला नाकतोडे टोचून ठेवणारा आपला खाटीकही बसला.

वटवाघळाचं काय केलं ते तर सांगायलाच हवं. पशू आणि पक्ष्यांच्या लढाईत दोन्हीकडून हाकललं गेलेलं वटवाघूळ आपण लहानपणी गोष्टीत ऐकलेलं असतं. लिनियसनं त्याला घर दिलं ते थेट माणसाच्या आणि माकडांच्या गणात. कारण वरचे पुढचे चार दात आणि छातीवर स्तनांची एक जोडी. आपल्याकडे ऐतरेय उपनिषदात जिवांचे अंडज, जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग सांगितले आहेत. ती वाटणी जन्म कसा होतो यावर केलेली. तिच्यात वटवाघूळ आपोआप गाई-म्हशींच्या बाजूला जातं. तेवढ्यापुरतं तरी ते बरोबरच आहे.

लिनियसची थट्टा करणं सोपं आहे, पण त्याचं काम वेगळंच होतं. जहाजं भरभरून येणाऱ्या नमुन्यांची त्याला यादी करायची होती, आणि यादीत वस्तू पटकन सापडावी लागते. दोन शब्दांचं नाव त्यानं रुळवलं ते यासाठीच. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे ज्याचं त्याचं नाव. आपल्या मतदार यादीत आडनाव आधी येतं तसंच. पण मतदार यादीतले सगळे पाटील भाऊबंद नसतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. लोकांनी पक्ष्यांना दिलेल्या नावांतही हीच गंमत आहे. पाणकावळा कावळा नाही. वेडा राघू राघू नाही. भारद्वाजाला कोकणात कुंभारकावळा म्हणतात, पण तो कोकिळेच्या कुळातला. फरक इतकाच की तो आपलं घरटं स्वतः बांधतो. हे सगळे आडनावबंधू. भावकी वेगळी.

भावकीचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा केला तो डार्विननं, १८५९ साली. त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या वंशावळीची. सगळे जीव एकमेकांचे नातलग असतील तर वर्गीकरण म्हणजे वंशावळच असायला हवी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बहुतेकांनी मानलं, पण वंशावळ लावायची कशी हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पुढची शंभर वर्षं तज्ज्ञ मंडळी चोच, पाय, टाळूची हाडं, नरड्याचे स्नायू बघून आपापला अंदाज बांधत राहिली. ज्याचा अनुभव दांडगा, त्याचा शब्द अखेरचा. टॉमस हेन्री हक्सलीनं १८६७ मध्ये टाळूच्या हाडांवरून पक्षी मांडले. रोहिताला कुठे घालावं हे त्यालाही सुटेना. त्यानं त्याला बदकं आणि करकोचे यांच्या मधोमध ठेवून दिलं.

वाट दाखवली ती विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञानं, १९५० साली. त्याचं मूळ लिखाण वाचायला अतिशय जड आहे, आणि त्याचे पारिभाषिक शब्द मराठीत आणावेत असं मला वाटत नाही. पण कल्पना पुण्यातल्या माणसाला कळायला अगदी सोपी आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चालू होतं. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याची पद्धत घालून दिली. काम संपायला १९६६ उजाडलं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या १२५९ पोथ्या त्यासाठी पाहिल्या गेल्या. आता समजा, तुमच्यापुढे पाच पोथ्या आहेत आणि कोणती कोणाच्या जवळची ते ठरवायचं आहे. जी ओळ पाचही पोथ्यांत जशीच्या तशी आहे तिचा इथे काही उपयोग नाही. ती मुळातूनच सगळ्यांकडे आलेली. पण एका श्लोकात दोनच पोथ्या चुकतात आणि दोघी एकच चूक करतात, तर त्या दोघींचा लेखकू एकाच पोथीपुढे बसला होता असा संशय येतो. अशा सामाईक चुका दहा-वीस निघाल्या की संशय राहत नाही. नातं चुकांवरून लागतं.

हेनिगचं म्हणणं हेच. पिसं सगळ्याच पक्ष्यांना असतात, म्हणून पिसांवरून कावळा आणि कबुतर यांचं काहीच ठरत नाही. नंतर झालेला, मोजक्यांतच आढळणारा बदल शोधायचा. ती नवी चूक. (निसर्गात तिला चूक म्हणावं का, हा वाद तत्त्वज्ञांवर सोडू.) मात्र इथे एक खाचखळगा आहे, आणि तो पोथ्यांतही असतो: दोन लेखकू एकमेकांना न भेटता एकाच अवघड शब्दाला सारखेच अडखळू शकतात.

पाकोळी आणि भिंगरी बघा. दोघी कोयत्यासारख्या पंखांच्या, दोघी उडता उडता किडे टिपणाऱ्या, दोघींची चोच इवलीशी आणि जबडा फाकणारा. आपल्याकडे बोलताना कित्येक जण दोघींनाही पाकोळीच म्हणतात. पण भिंगरी तारेवर येऊन बसते. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही. तिची चारही बोटं भिंतीला लटकायच्या कामाची. भिंगरी गाणाऱ्या पक्ष्यांतली, म्हणजे बुलबुल-चिमणीच्या बाजूची. पाकोळीचे जवळचे नातलग अमेरिकेतले गुंजनपक्षी, आणि त्या दोघांच्या मागे थोडं गेलं की रात्री रस्त्यावर मोटारीच्या दिव्यात डोळे चमकवणारा रातवा. उडते किडे पकडायचे तर शरीर असंच लागतं. म्हणून दोन घराण्यांनी तोच आकार वेगवेगळा कमावला. रोहिताचे आणि करकोच्याचे लांब पायही याच जातीचे.

डोळ्यांना फसवणाऱ्या अशा साम्यातून सुटायचं तर अशी पोथी हवी जिच्यात अक्षरं लाखो-करोडो आहेत आणि त्यांतली बहुतेक पाय किती लांब हे ठरवतच नाहीत. ती पोथी म्हणजे डीएनए. अक्षरं चारच. पिढीगणिक तिची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत काही चुका राहतात.

२००१ मध्ये मार्सेल व्हॅन टायनेन, ब्लेअर हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीनं पाणपक्ष्यांची नाती तपासली आणि रोहिताशेजारी टिबुकली येऊन उभी राहिली. लोकांचा विश्वास बसला नाही. एकाचे पाय छत्रीच्या दांडीसारखे, तो पाण्यात चालणारा. दुसरीचे पाय बुडाशी, तिला जमिनीवर धड चालताही येत नाही. पण यादीत नाव शेजारी लागल्यावर मंडळींनी जुने सांगाडे आणि अंडी पुन्हा काढली, आणि गेरल्ड मायर यांनी २००४ मध्ये दाखवलं की पुरावे आधीपासून समोरच होते. बहुतेक पक्ष्यांना पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं दहा असतात. या दोघांना अकरा. दोघांच्या अंड्यावर खडूसारखा पांढरा थर असतो, तोही नेहमीच्या चुन्याचा नसून कॅल्शियम फॉस्फेटचा. आणि एका कुळातले पट्टकृमी, म्हणजे आतड्यातले चपटे जंत, फक्त रोहितांत आणि टिबुकल्यांत सापडतात, इतर कुणात नाही.

जंतांची साक्ष वाचून मला आधी हसू आलं होतं. पण त्याहून मजेची साक्ष उवांची आहे. रोहिताच्या पिसांतल्या उवा बदकांच्या उवांशी जुळतात, हे १९४० च्या दशकातच कळलं होतं आणि त्यावरून रोहित बदकांचा नातलग असं सांगणारेही होते. उवा जंतांपेक्षा जास्त विश्वासाच्या असाव्यात, असं वाटतंच. त्या अंगावरून सहसा हलत नाहीत. इथे मात्र उवांचा डीएनए तपासल्यावर कळलं की त्या रोहितावरून बदकांवर नंतर गेल्या. एकाच तळ्यात राहिल्याचा परिणाम. उवा शेजार सांगत होत्या, नातं जंत सांगत होते.

२००८ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमशी संबंधित गटानं १६९ जातींच्या पक्ष्यांचे डीएनएचे १९ तुकडे जुळवून वंशावळ मांडली. तिच्यात लिनियसच्या शिकाऱ्यांचा गण फुटला. घार, शिक्रा, गरुड एका फांदीवर, आणि ससाणा तिथे नाही. तो पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या फांदीवर. ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक समजून मागचं पान उलटलं होतं. २०१४ मध्ये ४८ जातींचे अख्खे जनुकसंच वाचले गेले आणि ससाणा तिथेच राहिला. २०२४ मध्ये ३६३ जातींचे वाचले गेले, तरी ससाणा तिथेच.

एक गोष्ट मात्र बदलली आणि तिच्यामुळे या पद्धतीवरचा माझा विश्वास वाढला. २०१४ च्या वंशावळीत रोहित-टिबुकलीची जोडी कबुतरांच्या फांदीला लागली होती. २०२४ मध्ये लक्षात आलं की ही साक्ष जवळजवळ सगळी एकाच गुणसूत्राच्या एका लांबलचक तुकड्याची आहे. मोठे डायनासोर नाहीसे झाले त्या सुमाराला त्या तुकड्यातली देवाणघेवाण थांबली असावी. त्यामुळे त्यानं बाकी जनुकांपेक्षा वेगळी, जुनी हकीकत जशीच्या तशी जपून ठेवली. बाकीच्या साक्षीदारांना एकेक करून विचारल्यावर कबुतरांशी असलेलं नातं गळालं. रोहित आणि टिबुकली एकमेकांपाशीच राहिले.

इथवर मोठ्या घराण्यांचं झालं. संशोधकांची खरी भांडणं होतात ती खालच्या पायरीवर: ही एक जात की दोन?

सालिम अली १९२९ मध्ये पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला गेले, ते एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली. त्याच स्ट्रेसेमानांचा शिष्य एर्न्स्ट मायर. मायरनं १९४२ मध्ये जातीची जी व्याख्या रूढ केली ती सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते: जे निसर्गात आपसात वीण करतात ते एका जातीचे. व्याख्या छान आहे. पण संशोधकाच्या टेबलावर जे असतं ते वीण करत नाही. संग्रहालयाचा खण ओढला की उताण्या ठेवलेल्या पक्ष्यांची रांग दिसते. डोळ्यांच्या जागी कापूस, पंख अंगाशी मिटलेले, पाय एकावर एक बांधलेले आणि त्यांना दोऱ्यानं लावलेली चिठ्ठी: गाव, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला. संशोधक व्हर्नियर घेऊन चोच, पंख, नडगी मोजतो, आणि उजेडाला धरून रंगाची छटा ताडतो. या रांगेतले कोण कोणाशी संसार करत होते हे त्यावरून ठरवायचं.

जिवंत पक्षीही दर वेळी सोपं उत्तर देत नाहीत. हिवाळ्यात आपल्या अंगणातल्या आंब्यात ‘चिस्वी’ अशी हाक देत एक हिरवट, चिमणीहून लहान पर्ण-वटवट्या हिंडत असतो. त्याची वीण उत्तरेत होते, तिबेटच्या पठाराला वळसा घालून. हिमालयातून पश्चिमेला निघून सायबेरियापर्यंत चाललं तर दर मुक्कामाला त्याचं गाणं किंचित बदलतं, आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. पूर्वेकडून चीनमार्गे गेलं तरी तसंच. पण दोन्ही वाटा सायबेरियात जिथे एकत्र येतात तिथे पश्चिमेकडून आलेला आणि पूर्वेकडून आलेला एकमेकांच्या गाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी हे २००१ मध्ये गाणी आणि डीएनए दोन्ही तपासून मांडलं. आता जात एक म्हणायची की दोन? मराठीत बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण बारा कोसांची रेघ नेमकी कोणत्या बांधावर मारायची हे कुणी सांगत नाही. तसंच हे.

अशा भांडणांना कंटाळून २०१० मध्ये काही पक्षितज्ज्ञांनी चक्क गुणपत्रिका काढली. रंग, माप, आवाज यांतला फरक किती ठळक त्यावर एक ते चार गुण. बेरीज सात झाली की वेगळी जात. काहींना ही कारकुनी वाटली. मला वाटत नाही. सगळ्यांना एकच पट्टी लावली की निदान चूक कुठे झाली ते सापडतं. तरीही जगात पक्ष्यांच्या तीन-चार याद्या होत्याच आणि त्यांचा आकडा एकमेकींशी जुळत नव्हता. त्या जुळवून ‘एव्हीलिस्ट’ नावाची एकच यादी २०२५ मध्ये निघाली. तिच्यात ११,१३१ जाती आहेत.

यादीतल्या एका ओळीनं काय बिघडतं, असं वाटत असेल तर गिधाडांकडे बघा. भारतातलं लांब चोचीचं गिधाड २००१ पर्यंत एकच जात समजलं जाई. पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी पॅरी यांनी दाखवलं की त्या दोन आहेत: एक सह्याद्रीसारख्या कड्यांवर घरटं करणारी, दुसरी उत्तरेत झाडांवर करणारी, चोच आणि मान आणखी सडपातळ. तोवर गिधाडं भराभर मरत होती. कारण २००४ मध्ये कळलं: जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. या दोन जातींची मोजणी १९९० च्या दशकात एकत्रच सुरू झाली होती. २००७ पर्यंत त्या दोन्ही मिळून जवळपास ९७ टक्के घटल्या. एक समजून मोजलेल्या पक्ष्यांची अशी दोघांत वाटणी झाली की प्रत्येकीच्या वाट्याला आणखीच कमी उरतात, आणि झाडावरच्या गिधाडाची अवस्था त्यातून दिसली.

याच रासमुसेनबाईंनी आपल्या खानदेशाशी जोडलेली एक गोष्ट उलगडली आहे.

१८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी एक छोटं घुबड मिळवलं. ते गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यांनी पुढे ब्रिटिश म्युझियमला दिलेला पक्ष्यांचा संग्रह ऐंशी हजारांच्या घरातला होता. १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्याच नियतकालिकात ह्यूमनी या घुबडाला नाव दिलं: ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’. हेटेरोग्लॉक्स म्हणजे निराळं घुबड. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. आपल्या वाड्यांच्या वळचणीला बसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पंजे आणि चोच दणकट, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो.

१८८४ नंतर तो कुणाला मिळाला नाही. अपवाद एक: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावलेला नमुना होता. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक गुजरातेत शोधत राहिले. रासमुसेननी तो नमुना खोलून पाहिला. कातडी पुन्हा भरलेली, आणि मूळची घडण जेम्स डेव्हिडसन यांच्या हातची. हे डेव्हिडसन खानदेशात सरकारी अधिकारी होते आणि त्यांनी १८८० नंतरच्या वर्षांत शहादा-तळोदा भागात रानपिंगळे मिळवले होते. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचा नमुना संग्रहालयातूनच उचलला आणि नवी चिठ्ठी बांधली होती. जगात अवघे सात नमुने, त्यांतल्या एकाचा पत्ता खोटा. तो पत्ता सोडून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका बोडक्या झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात दिसला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईच्या उंबऱ्यावर, तानसा अभयारण्यात.

सापडला, पण त्याला कुठल्या घरात ठेवायचं हे ठरेना. विसाव्या शतकात बहुतेकांनी त्याला साध्या पिंगळ्याच्या ‘अथेने’ या प्रजातीत घातलं होतं. जिवंत पक्षी पाहिल्यावर रासमुसेनना वाटलं की ह्यूमचंच बरोबर होतं, हा निराळाच आहे. अनेक याद्यांनी तसा बदल केला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या गटानं त्याचा डीएनए तपासला. रानपिंगळा ‘अथेने’च्या फांदीच्या आतच निघाला. डोकं, पंजे, दिवसाची शिकार, सगळं निराळं खरं, पण भावकी पिंगळ्याचीच.

शास्त्रीय नावाच्या पुढे ते ठेवणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. जातीला मूळच्या प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवलं असेल तर ते नाव कंसात घालायचं, असा नियम आहे. म्हणून रानपिंगळ्यापुढे आता ‘(ह्यूम, १८७३)’ असं कंसात छापतात. उजनीवरच्या त्या दोघांना मात्र नाव एकाच माणसानं दिलेलं आहे: पीटर सिमॉन पालास. टिबुकलीला १७६४ मध्ये, रोहिताला १८११ मध्ये. टिबुकलीपुढे पालासचं नाव कंसात आहे, रोहितापुढे कंसाबाहेर.